न बोलावता येणारी माणसं

आयव्ही ओलरेनशॉ कुणाच्या घरी नुसती पाहुणी म्हणून गेली आहे, असं बर्चलो गावात कुणाला आठवत नाही. ती जायची ती कामाला, बोलावणं असो वा नसो. नॉर्मन ग्रॅटनच्या मेंढ्या एका वर्षी ऐन बर्फात व्यायला लागल्या, तेव्हा आयव्ही कोपरापर्यंत बाह्या सारून गोठ्यात शिरली आणि तीन रात्री न झोपलेल्या नॉर्मनला तिनं घरी हाकललं. गावच्या हॉलला रंग देणं चाललं होतं, तेव्हा ती फक्त निरोप द्यायला डोकावली होती, अंगात रविवारचा चांगला कोट. संध्याकाळी तो कोट पांढरा झालेला होता आणि हॉलची एक अख्खी भिंतसुद्धा. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे विल्फबरोबर, ती समुद्रकाठी चार दिवस मौजेला गेली, तर तिथल्या खाणावळीतला नळ फुटला. नवराबायकोनं दोन दिवस बादल्यांनी पाणी उपसलं. अशी झकास सहल पुन्हा झाली नाही, असं ती म्हातारपणीही सांगायची आणि विल्फ मान हलवायचा.

अशा वागण्याला तिकडच्या इंग्रजीत ‘मक इन’ करणं म्हणतात. मक म्हणजे शेण, चिखल, गोठ्यात असतं नसतं ते सगळं, आणि इन म्हणजे त्याच्या आत. आपला ‘हातभार’ त्याच्या जवळ जातो, पण पुरा पडत नाही. हातभार काठावर उभं राहून, धोतराचा सोगा सांभाळतही लावता येतो. मक इन करणाऱ्याला इतरांइतकंच बरबटावं लागतं आणि काम झाल्यावर इतरांच्याच किटलीतला चहा प्यावा लागतो. साहेब असला तरी तासापुरती साहेबी खुंटीला टांगायची.

शब्द वापरायचीही रीत आहे. ‘मी मक इन केलं’ असं स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही. म्हणालाच तर तो फुशारक्या मारतो असं समजून लोक खिडकीबाहेर बघतात. हा शब्द दुसऱ्यासाठी ठेवलेला असतो, तोही काम उरकल्यावर आणि शक्यतो त्या माणसाच्या पाठीमागे. मयताच्या प्रार्थनेत ‘हा गडी नेहमी मक इन करायचा’ एवढं म्हटलं की पाद्रीबाबांना पुढे बोलायला फारसं उरत नाही. बर्चलोत तर याहून एक कडक नियम होता, आणि तो पाळणाऱ्यांत आयव्ही सगळ्यांत पुढे होती. परक्याला ‘या, मक इन करा’ असं म्हणायचं नाही. ते त्याच्या डोक्यावर काम लादणं झालं, म्हणजे शुद्ध आगाऊपणा. ज्याला गावचं व्हायचं असेल त्याला काम दिसेल आणि तो येईल.

आयव्हीचा बाप पहिल्या महायुद्धात खंदकात होता. एका डब्यातलं पाच जणांनी वाटून खायचं, त्यालाही पलटणीत मक इनच म्हणायचे, असं तो सांगे. पाचवा माणूस आमंत्रणाची वाट बघत बसला असता तर उपाशी मेला असता, हे त्याचं तात्पर्य. आयव्हीनं ते लहानपणी ऐकलं आणि गाठीला बांधलं. विल्फ गेला, गुडघे कुरकुरायला लागले, एक खुबा धड राहिला नाही, पण ती गाठ काही सुटली नाही.

बर्चलोत सगळ्या गावानं मिळून करायची कामं बरीच असली, तरी थोरलं काम जूनमधलं, झरा सजवायचं. खालच्या आळीला खडकातून बारमाही पाणी येतं. त्या पाण्याचे आभार म्हणून दरवर्षी झऱ्याच्या मागे फुलांचं भलंमोठं चित्र उभं करतात. त्यासाठी लाकडी फळ्या आधी गिरणीच्या तळ्यात भिजत घालायच्या. नॉर्मनच्या कुरणातली चिकणमाती खणून आणायची, जुन्या लोखंडी टबात मीठ-पाणी घालून अनवाणी तुडवायची, ती फळ्यांवर थापायची. मग त्यावर चित्र टोचून काढायचं आणि भरायचं, रेघांना कॉफीच्या बिया आणि झाडांची काळी बोंडं, आभाळाला हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या, डोंगराला दगडफूल, मेंढरांना खरी लोकर. पाकळ्या लावायच्या खालून वर, कौलं शाकारतात तशा, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. फुलं सुकायच्या आत तीन दिवसांत सगळं उरकावं लागतं. शनिवारी फळ्या उभ्या राहतात, बँड वाजतो, पाद्रीबाबा आशीर्वाद देतात आणि मग हॉलमध्ये चहा आणि केक. महायुद्धांच्या काळात खंड पडला असेल तेवढाच, एरवी कधी नाही.

त्या वर्षी मात्र सोमवारी माती तुडवायला नॉर्मनच्या कोठारात माणसं जमली तीन. आयव्ही, नॉर्मन आणि शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली पॉलिन हीथकोट. जुन्यांपैकी काही दफनभूमीत गेली होती, काही लेकीसुनांकडे शहरात, आणि उरलेल्यांना आता खुर्चीतून उठायलाच दुसऱ्याचा हात लागायचा. तिघं टबाकडे बघत उभी राहिली. पॉलिननं सुंदर चित्र काढलं होतं, नोहाची नौका, हत्तीजिराफांसकट. एका जिराफालाच सकाळ जाईल, असं नॉर्मन म्हणाला. मग त्यानं मान खाजवली आणि भीत भीत खाणीवरच्या घरांचा विषय काढला.

खाणीवरची घरं म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या दगडखाणीजवळ झालेली नवी वस्ती. तिथं सगळी बाहेरून आलेली माणसं. कुणी देशाच्या दक्षिण भागातून निवृत्त होऊन आलेलं, कुणी शहरात नोकरीला जाणारं. वर्षानुवर्षं राहत होती, दुकानात हसून बोलत होती, पण सजावटीला त्यांतलं एकही माणूस कधी आलं नव्हतं.

“त्यांना विचारून बघू या का?” नॉर्मन म्हणाला.

“विचारायचं काय त्यात?” आयव्ही टबात पाय टाकत म्हणाली. “डोळे आहेत ना त्यांना? यायचं असतं तर आले असते. मी काही दारोदार हात पसरत फिरणार नाही, बदका.”

त्या भागात प्रेमानं सगळ्यांनाच बदक म्हणतात. पण आयव्ही ज्या सुरात म्हणाली त्यात प्रेम कमीच होतं. नॉर्मननं टबात पाणी ओतलं.

त्याच दिवशी कोठाराच्या फाटकाशी लिओनेल फॉदरगिल येऊन उभा राहिला. हा खाणीवरच्या पहिल्या घरातला. बायको वारल्यावर एकटाच इथं येऊन राहिलेला, बस कंपनीत वेळापत्रकं बनवण्यात जन्म गेलेला उंच, सडसडीत गृहस्थ. दर जूनमध्ये तो कुत्रं घेऊन फाटकाशी यायचा, खिशात हात घालून बघत राहायचा आणि निघून जायचा. आयव्हीनं त्याचं नाव ‘इन्स्पेक्टर’ ठेवलं होतं.

आजचा दिवस छान आहे, असं तो म्हणाला. छानच आहे, असं आयव्ही म्हणाली. बरंच काम दिसतंय, तो म्हणाला. चाललंय आपलं, ती म्हणाली. कुत्र्यानं टबाचा वास घेतला. लिओनेलनं दोनदा घसा खाकरला, तुमच्या मधे मधे येत नाही म्हणाला आणि टोपीला हात लावून गेला. तो वळणाआड होईपर्यंत आयव्हीनं जीभ आवरली आणि मग, तपासणी झाली एकदाची, असं म्हणाली. पॉलिन हसली. आयव्ही हसली नाही, कारण टबात पाय उचलताना खुब्यातून कळ आली होती आणि ती कुणाला दिसू द्यायची नव्हती.

मंगळवारी माती कशीबशी तयार झाली. बुधवारी सकाळी आयव्ही मातीवर शेवटचा पाय फिरवून टबाबाहेर आली तेव्हा नॉर्मन तळ्यातून काढलेल्या फळ्या पुसत होता. त्या थापायला न ठेवता तो भिंतीला टेकवून ठेवत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. काल पॉलिनशी बोललो, म्हणाला. तिघांच्यानं हे होणार नाही. अर्धवट चित्र उभं करून हसं करून घेण्यापेक्षा यंदा राहू दे, बँडवाल्यांना फोन करून सांगतो. आणि एकदा राहिलं की पुढच्या वर्षी कोण उठणार आहे, हे त्यानं म्हटलं नाही, पण ते दोघांनाही ऐकू आलं.

आयव्हीनं ओल्या फळीवरून हात फिरवला. तिला फार वाईट वाटलं. विल्फच्या मयतालाही ती अशी लुळी पडली नव्हती, त्या दिवशी निदान सँडविचं करायची होती. तिनं नॉर्मनला बजावलं की आपण येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, आणि मातीनं भरलेल्या पायांत तशाच चपला सरकवून ती खाणीचा चढ चढायला लागली. चढ तिला जड गेला. वाटेत दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा परत फिरावंसं वाटलं.

आयव्हीनं उभ्या जन्मात कुणाच्या पुढच्या दाराची घंटा वाजवली नव्हती. ती मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात जाणारी बाई. पण या घराचं मागचं दार कुठं आहे, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं घंटा वाजवली. लिओनेलनं दार उघडलं, समोर चिखलाचे पाय पाहिले आणि मिसेस ओलरेनशॉंना काही अपघात झाला की काय अशा चेहऱ्यानं तो उभा राहिला.

“दिवस छान आहे,” आयव्ही म्हणाली.

छान आहे, लिओनेल म्हणाला. जरा ढग आहेत, पण छान आहे.

आयव्हीच्या घशात ते वाक्य येऊन अडकलं. मेंढीच्या पोटातलं अडकलेलं कोकरू तिनं हात घालून बाहेर काढलेलं होतं, पण हे निघेना. शेवटी डोळे मिटून औषध प्यावं तसं तिनं सांगून टाकलं.

“आम्हाला माणसं कमी पडतायत, मिस्टर फॉदरगिल. फार कमी पडतायत. तुम्ही याल का?”

लिओनेल कानापर्यंत लाल झाला. तो तडक आत गेला. आयव्हीला वाटलं, झालं, अपमान केला आपण त्याचा, उगाच आलो. तेवढ्यात तो परत आला, हातात गमबुटांची जोडी. हिरवे, कोरे करकरीत, एका बुटाला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती.

“इथं आलो त्या पहिल्या जूनमध्येच घेतले होते,” तो म्हणाला. “म्हटलं, बोलावतील तेव्हा आपल्यामुळे खोळंबा नको.”

“पण मग आला का नाहीत? दरवर्षी फाटकाशी तर येत होता.”

“तेवढ्यासाठीच येत होतो, मिसेस ओलरेनशॉ. कुणी ‘या’ म्हणेल म्हणून. न बोलावता दुसऱ्याच्या कामात हात घालणं म्हणजे आगाऊपणा, असं आमच्याकडे मानतात.”

आयव्हीनं त्याच्याकडे बघितलं. बोलावणं हा आगाऊपणा म्हणून ही गप्प, आणि न बोलावता जाणं हा आगाऊपणा म्हणून तो गप्प. दोघांनी मिळून इतके जून सभ्यपणात वाया घालवले होते. तिला आधी लाज वाटली आणि मग दारातच हसू आलं, खुबा धरून हसावं लागलं. लिओनेलही हसला, पण जरा जपून, कारण बाई नक्की कशाला हसते आहे याची त्याला खात्री नव्हती.

मग त्यानं विचारलं, शेजारच्यांनाही सांगू का? समोरचं तरुण जोडपं दरवर्षी बागेतली हायड्रेंजिया तोडत नाही, कधी लागतील म्हणून ठेवतं. पलीकडच्या दोघी नर्स बहिणी माझ्याकडे चौकशी करतात, की ही सजावट फक्त जुन्या घराण्यांची असते का. आयव्हीनं उंबऱ्यावर बूड टेकलं. मग ती म्हणाली की सगळ्यांना सांगा, आणि येताना फुलं आणा, आणि नखं कापून या.

दुपारपर्यंत कोठार भरलं. नॉर्मननं एवढी माणसं बघितली आणि फळ्या आडव्या टाकण्यापूर्वी तो आधी आणखी एक किटली आणायला धावला. पॉलिननं मोठ्या कागदावरचं चित्र मातीवर अंथरलं आणि टोचायला सुरुवात केली. खाणीवरच्या मंडळींना काहीच येत नव्हतं. ती प्रत्येक बी ठेवण्याआधी ‘चालेल ना’ म्हणून विचारत होती, एकमेकांचा धक्का लागला तर दहादा माफी मागत होती, आणि आयव्ही दात दाबून गोड बोलत होती. असा एक तास गेला. कोठारात एवढी सभ्यता होती की गुदमरायला होत होतं.

ती कोंडी लिओनेलनं फोडली. त्यानं आभाळाचा एक मोठा तुकडा मन लावून भरला होता. पाकळ्या सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, वेळापत्रकासारख्या नेटक्या. आणि सगळ्या वरून खाली.

“अहो, हे काय करून ठेवलंय?” आयव्हीचा बांध फुटला. “पहिल्या सरीला सगळं आभाळ नोहाच्या टाळक्यावर येईल. खालून वर सांगितलं होतं ना? कान कुठं ठेवले होते, बदका, बसस्टॉपवर?”

नर्स बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. नॉर्मन मात्र पॉलिनच्या कानात, पास झाला, असं म्हणाला. आयव्हीला तो पुरता ओळखून होता. परक्यांशी ती लोण्यासारखी बोलायची आणि ओरडायची ती फक्त घरच्यांवर. लिओनेललाही ते कसं कोण जाणे, पण कळलं. त्यानं अर्धं आभाळ उपटलं आणि शीळ घालत पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यानंतर माफ्या मागणं थांबलं. गुरुवारी माणसं कोठाराचं दार न वाजवता आत यायला लागली. शुक्रवारी तरुण जोडप्यातल्या बाईनं नॉर्मनलाच दटावलं, हत्तीच्या पाठीवर कप ठेवू नका म्हणून. आयव्ही ते ऐकून एवढी खूश झाली की बराच वेळ उगाच हसत होती.

शनिवारी फळ्या उभ्या राहिल्या. पाऊस आलाच, तिकडे तो आल्याशिवाय राहत नाही, पण आभाळ जागचं हललं नाही. जिराफाची मान थोडी आखूड झाली होती, कारण तिथं कॉफी संपली होती. लोकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला आणि कामाला आलेल्या सगळ्यांची नावं घेऊन आभार मानायचे म्हणून आयव्हीकडे वळले. नावं कशाला, असं ती म्हणाली. एवढंच सांगा, की खाणीवरच्या मंडळींनी मक इन केलं. पाद्रीबाबांनी तेवढंच सांगितलं. तोंडावर एवढं कौतुक म्हणजे त्या गावात अतिच झालं. खाणीवरचे लोक बुटांच्या टोकांकडे बघत राहिले, आणि लिओनेलला रुमाल काढावा लागला.

मग सगळे हॉलमध्ये आले. तोवर आयव्हीचा खुबा संपावर गेला होता. नर्स बहिणींनी तिला खिडकीपाशी मोठ्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, पायांखाली स्टूल. तिला चहा आला, केक आला, दुसरा केक आला. तुम्ही हलायचं नाही, मिसेस ओलरेनशॉ, तुम्ही फार केलंत. जो येई तो वाकून बोले आणि हळू पावलांनी जाई. ती थँक यू म्हणत राहिली. आत स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, नॉर्मन कुणाला तरी पाणी उडवू नको म्हणून ओरडत होता. सगळं गाव आत होतं आणि आयव्ही बाहेर उशीला टेकून बसली होती. जावं तर ती मंडळी पुन्हा उचलून इथंच आणून ठेवणार, आणि मला आत घ्या असं म्हणणं तिला जमणार नव्हतं. तिनं दाराकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. फाटकाशी उभं राहून दिवस छान आहे म्हणणं किती कठीण असतं, हे त्या खुर्चीत तिला नीट समजलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघरातून लिओनेल बाहेर आला, बाह्या वर, पुढचा शर्ट ओला. त्यानं खोलीभर नजर फिरवली, आयव्हीला पाहिलं आणि थेट तिच्या पुढ्यात येऊन एक कोरडं फडकं तिच्या मांडीवर टाकलं.

“राणीसारखी काय बसलीयेस, आयव्ही?” तो म्हणाला. “आत कप पुसायला माणूस नाही. बसून पुसता येतात, खुर्ची मी आणतो. चल, ऊठ.”

नर्स बहिणी धावत आल्या, अहो असं काय म्हणून. पण आयव्ही एव्हाना उशी बाजूला फेकून त्याच्या खांद्याला धरून उठलीसुद्धा होती. हळू चाल मेल्या, बस पकडायचीय का, असं म्हणत ती लंगडत स्वयंपाकघरात गेली.